न खाल्लेली कसम

लघवीला जळजळ होते असं आमच्याकडे एखाद्या मास्तरानं सांगितलं, तर लोक म्हणतात, पाणी कमी पीत असतील. शेतकऱ्यानं सांगितलं तर म्हणतात, गरमी झाली, धण्याचं पाणी प्या. आणि टिप्परच्या ड्रायव्हरनं सांगितलं तर कोणी काहीच म्हणत नाही. नुसते एकमेकांकडे बघतात. ते बघणं मी बराच काळ सोसलं आहे, म्हणून हे लिहायला बसलो. कोणाला लाज वाटत असेल तर त्यानं खुशाल पान उलटावं. मला वाटत नाही.

मी मोहाडीचा. घरी थोडी धानाची शेती आहे, ती खाण्यापुरती. पोट चालतं ते टिप्परवर. चिखल्याच्या खाणीतलं मँगनीज भरायचं आणि रेल्वेच्या सायडिंगवर नेऊन ओतायचं, हेच काम जवानीपासून करत आलो. आमच्या कामाची एक रीत आहे. लोडिंगच्या लाइनीत गाडी लावली की नंबर लागतो. ड्रायव्हर उतरून झाडाआड गेला आणि तेवढ्यात लाइन सरकली, तर मागचा बेधडक गाडी पुढं घालतो, आणि त्यात त्याची चूक कोणी मानत नाही. म्हणून आम्ही लोक सकाळपासून पाणीच बेतानं पितो, आणि लागलीच तर दाबून धरतो. वरून केबिन तापलेली, खालून खड्डे, आणि माणूस मांड्या आवळून बसलेला. यात मर्दपणा आहे असं आम्हाला वाटायचं. दिवसभर न उतरणारा तो पक्का ड्रायव्हर.

दुखणं आलं ते चोरासारखं. आधी एकदा थंडी वाजून ताप आला, लघवीला आग झाली, आणि चार दिवसांत गेलं. मग महिन्याभरानं परत. मग दर महिन्याला. पुढं पुढं ताप येईना, पण दुखणं मुक्कामाला राहिलं. अंडकोशांच्या मागं आणि शौचाच्या जागेच्या पुढं जो भाग आहे, ज्यावर माणूस सीटवर टेकतो, नेमका तिथं कोणी तरी खिळा ठोकून ठेवल्यासारखं वाटायचं. कंबर दुखायची. धार बारीक झाली. बायकोजवळ जावं तर शेवटी अशी कळ यायची की पुढं मी जवळ जाणंच टाळायला लागलो. तिला कारण सांगितलं नाही. लग्नाला वीसेक वर्षं झालेली, पोरीला सासरी पाठवलेलं, या वयात असलं काय सांगायचं, असं वाटलं.

उपाय काय केला? जो सगळे करतात तो. चौकातल्या मेडिकलवाल्याकडे गेलो आणि म्हटलं, डोस दे. डोस म्हणजे कागदाच्या पुडीत तीन-चार गोळ्या, एक जंतू मारायची, एक दुखण्याची, एक पोटाची. त्यानं कधी कशाला म्हणून विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. डोस घेतला की दोन-तीन दिवस राजासारखे जायचे. मोहाडीच्या बाजारात तंबू टाकून बसणाऱ्या एका बाबाकडेही गेलो होतो. त्यानं माझी नाडी धरून, लहानपणच्या चुका भोवतात म्हणून मान हलवली आणि काळ्या पाकाची बाटली दिली. ती पिऊन लघवी तर सुधारली नाही, जुलाब मात्र झाले. बाटली मी त्याच्या तंबूसमोर, गिऱ्हाइकं बसलेली असताना, ओतून आलो.

माझी बायको पवनी तालुक्यातल्या कोंढ्याची. सासरा आमच्या लग्नाच्या आधीच गेला होता. दारूनं गेला, एवढंच मला ठाऊक होतं. त्या घरात त्याच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. घर सांभाळलं ते तिच्या मोठ्या भावानं, म्हणजे माझ्या साळ्यानं. मेहनती माणूस, गावात वजन, शब्दाला पक्का, आणि जगात सगळ्या गोष्टी एक तर बरोबर नाही तर चूक, मधलं काही नाही, असं मानणारा. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. गावची जत्राच ती. दंडार म्हणजे सोंगं आणि नाचगाणी होतात, नाटक होतं, आणि लेकी-जावयांना आग्रहानं बोलावणं येतं. त्या वर्षी साळा स्वतः बोलवायला आला आणि आम्ही दोघं कोंढ्याला गेलो.

मंडईच्या दिवशी पाहुण्यांसाठी सामान आणायला मी आणि साळा मोटरसायकलनं पवनीला निघालो. मी मागं बसलो होतो. जाता-येता मला सारखी गाडी थांबवायला लागली. शेवटच्या वेळी मी झुडपातून बाहेर आलो, तर साळा गाडीला टेकून माझ्याकडेच बघत उभा. त्यानं विचारलं, मी सांगितलं. जळजळ होते, दुखते, किती तरी दिवसांपासून आहे. माणूस घरचा आहे, असं वाटलं होतं. त्यानं माझ्यावरची नजर काढली, किक मारली आणि घर येईपर्यंत गाडी दामटली.

मंडई आटोपली. मला ड्युटी होती म्हणून मी पुढं आलो, बायको आठवड्यानं येणार होती. आली नाही. फोन केला तर साळ्यानं उचलला.

"जवाईबापू, बाई अठीच राहीन. तुमी पयले तपासून या."

आमच्याकडे जावयाला शिवी द्यायची तरी बापू म्हणूनच देतात. मी म्हटलं, फोन तिला दे. तिनं घेतला. जेवलात का, धान चुरून-मळून झाला का, एवढंच बोलली. विचारलं काहीच नाही. साळ्याच्या बोलण्यानं मला राग आला होता, पण तिच्या न विचारण्यानं मी खचलो. मी बाहेर कुठं जातो असा संशय असेल तर तोंडावर विचार ना बाई. वीस वर्षांत एवढा हक्क तर झालाच असेल.

बरं, तपासून ये म्हणता, तर येतो. तुमसरला दाखवलं, भंडाऱ्याला दाखवलं, मग नागपूरला एका मोठ्या दवाखान्यात दाखवलं. आणि दर वेळी मी एक शहाणपणा केला. एस.टी.त एवढा वेळ बसायचं, मध्ये गाडी कोणी थांबवत नाही, शहरात गेल्यावर जागा सापडत नाही, आणि डॉक्टरसमोर कण्हत-कुंथत जायचं म्हणजे बरं दिसत नाही. म्हणून जायच्या आधी दोन-तीन दिवस मेडिकलचा डोस घ्यायचा, अंग हलकं करायचं आणि इस्त्रीचा शर्ट घालून निघायचं. आमच्याकडे हे सगळेच करतात. पाहुण्याकडे जाताना जसं दाढी करून जातात, तसं डॉक्टरकडे डोस घेऊन जातात. तपासणी व्हायची, लघवीचा रिपोर्ट यायचा, आणि रिपोर्टात काही नाही. तिन्ही ठिकाणी एकच उत्तर. एक म्हणाला पाणी प्या, एक म्हणाला टेन्शन घेऊ नका, आणि नागपूरच्यानं तर माझ्याकडे न बघताच झोपेची गोळी लिहून दिली.

म्हणजे आता मी दोन्हीकडून मेलो. साळ्याला कळवलं तर तो म्हणाला, "रिपोर्टात काई नाही, मंग दुखते कायचं? काई तरी लपवून राहिले तुमी." त्याचं तरी काय चुकलं? मलाच कळेना, दुखते कायचं.

पौषात मी सरळ तिला आणायला कोंढ्याला गेलो. घरी चहा झाला, आणि साळा म्हणाला, जरा मारोतीपर्यंत चला. देवळाच्या पारावर गावातली चार वडीलधारी माणसं आधीच येऊन बसली होती. दिवा लावलेला होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. साळ्यानं सगळ्यांसमोर अट सांगितली. दिव्यावर हात ठेवायचा, मारोतीची कसम खायची की बाहेर कुठं गेलो नाही, आणि लगेच बायकोला घेऊन जायचं. थोड्या अंतरावर, देवळालगतच्या घराच्या सांदीत, बायको डोक्यावर पदर घेऊन उभी होती.

खरं सांगायचं तर कसम खाणं मला सोपं होतं. मी कुठंच गेलो नव्हतो. एक म्हातारा तर प्रेमानं म्हणाला, खाऊन टाका ना बापू, दोन शब्द तर आहेत. दोनच शब्द होते. पण त्या दिव्याकडे बघताना माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्याला दमा आहे त्याला कोणी देवळात नेत नाही. ज्याला मुतखडा आहे त्याच्या हाताखाली कोणी दिवा धरत नाही. मी खरी कसम खाल्ली असती तरी त्याचा अर्थ एवढाच झाला असता की या जागेचं दुखणं म्हणजे गुन्हा, हे मलाही मान्य आहे.

मी म्हटलं, "मी बिमार आहो, चोर नाही. मी कसम खात नाही. आजबी नाही, उद्याबी नाही."

साळ्याचं तोंड उतरलं. त्यालाही वाटलं नव्हतं मी नाही म्हणेन. मी सांदीकडे बघितलं. तिनं पदर सारखा केला आणि घराकडे वळली. मी माझी मोटरसायकल काढली आणि दुखऱ्या जागेवर भंडाऱ्यावरून मोहाडीपर्यंत बसून आलो. मध्ये कुठंही थांबलो नाही. तो मूर्खपणाच होता, पण तेव्हा त्याच्यावाचून जमलं नसतं.

त्यानंतर मी ठरवलं की डॉक्टर बदलत राहायचं, कोणी तरी सांगेलच. नागपूरलाच मूत्ररोगाच्या एका डॉक्टरीणबाईचा पत्ता मिळाला. बाई डॉक्टर म्हटल्यावर ओळखीचे लोक हसले. मी म्हटलं, तुमच्या बाप्या डॉक्टरांनी माझं काय भलं केलं? गेलो. नेहमीसारखा डोस घेऊन, इस्त्रीच्या शर्टात.

बाईंनी जुने रिपोर्ट चाळले, मग माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, तुम्ही सांगता बसवत नाही, आणि तीन तास एस.टी.त बसून येऊन खुर्चीत तर आरामात बसला आहात. येण्याआधी कोणत्या गोळ्या घेतल्या? मी सांगितलं. आधीच्या तपासणीच्या वेळीही घेतल्या होत्या का? मी म्हटलं, हो, दर वेळी. बाईंनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत, पण समजावून सांगितलं ते असं. मूत्राशयाच्या तोंडाशी पुरुषाला एक ग्रंथी असते, प्रोस्टेट. लघवीची नळी तिच्या मधून जाते. जंतू त्या ग्रंथीत घर करून बसला असेल, तर दोन दिवसांच्या गोळ्यांनी लघवीतले जंतू मरतात, ग्रंथीतले तसेच राहतात. धानाच्या बांधीतलं गवत वरून कापलं आणि मुळं ठेवली, तसं. त्या साफ लघवीची तपासणी केल्यावर रिपोर्ट साफच येणार.

म्हणजे मीच दर वेळी पुरावा पुसून जात होतो. एवढ्या रस्त्यानं जायचो ते दुखणं दाखवायला, आणि निघण्याआधी ते झाकून ठेवायचो.

बाई म्हणाल्या, दोन-तीन आठवडे जंतूची एकही गोळी नको, मग या. ताप आला किंवा लघवी अडली तर मात्र वाट बघू नका, लगेच या. ते आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. पण एक गोष्ट केली. लोडिंगच्या लाइनीत मला लागली की मी उतरायचो. पाणी भरपूर प्यायचो आणि उतरायचो. पहिल्या दिवशी मागच्यानं गाडी पुढं घातली आणि हसत विचारलं, काहून बे, म्हातारा झाला का? मी टपावर हात आपटून, सगळ्या लाइनीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की माझ्या प्रोस्टेटला सूज आहे, मी दिवसातून दहा वेळा मुतणार, ज्याला नंबर पाहिजे त्यानं घ्या. मालकालाही तेच सांगितलं. तो म्हणाला, हे असं बोलायची काय गरज होती? मी म्हटलं, होती.

मग तपासणी. तिचं नाव काढलं की आमच्याकडचे भले भले गडी उठून जातात. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, गाळातून साप हातानं काढणारे लोक, पण डॉक्टरचं एक बोट म्हटलं की घाम फुटतो. मला फुटला नाही असं नाही. बाईंनी आधी लघवीची एक डबी भरून घेतली. मग कुशीवर वळायला लावलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले, आणि हातमोजा घालून मागच्या वाटेनं ग्रंथी दाबून बघितली. मी भिंतीकडे तोंड करून, दात आवळून पडलो होतो. मिनिटभराचं काम. जिथं खिळा होता तिथं बोट पोचलं, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, आणि मनात आलं ते एवढंच की चला, जागा तर सापडली. मग दुसरी डबी भरायची होती. पहिल्या डबीत फारसं काही निघालं नाही. दुसरीत जंतू निघाला. सोबत रक्ताच्याही सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, ज्यांची नावं लोक कुजबुजत घेतात त्यासुद्धा. त्या साफ होत्या.

मी बाईंना सरळ विचारलं, हे बाहेरच्या बाईकडे गेल्यानं होतं का?

त्या म्हणाल्या, "हा आतड्यातला साधा जंतू आहे. शौचाच्या जागेतून लघवीच्या वाटेत शिरतो, कोणाच्याही. आणि तसलं काही असतं, तरी मी औषधच दिलं असतं."

औषध दीड महिन्याचं होतं. एक जंतूची गोळी, ती बरं वाटलं तरी सोडायची नाही, आणि तिच्यामुळं टाच किंवा सांधा दुखायला लागला तर लगेच फोन करायचा. एक रात्रीची, धार मोकळी व्हायला. दारू नको, तिखट कमी, आणि रोज कोमट पाण्यात बसायचं. बाईंनी हेही सांगितलं की हे दुखणं हट्टी असतं, परत येऊ शकतं. आलंही एकदा, नंतर. मी डोस न घेता गेलो आणि परत बरा झालो. आता लाइनीत एखादा ड्रायव्हर माझ्या टिप्परजवळ येतो, इकडे तिकडे बघतो, आणि हळू आवाजात पत्ता विचारतो. मी मोठ्या आवाजात देतो. आणि प्रत्येकाला सांगतो, डोस खाऊन जाऊ नको रे.

तो जंतूचा रिपोर्ट हातात आला, तेव्हा पहिला विचार आला की कोंढ्याला जावं आणि साळ्याच्या तोंडावर मारावा. दोन दिवस तो विचार चघळला आणि थुंकून टाकला. जो कसम खाणार नाही तो कागद तरी काय म्हणून दाखवेल? मी कोणालाच काही कळवलं नाही. बायकोलाही नाही. ती येईल की नाही म्हणून फाटकाकडे कान लागलेले असायचे, तरी नाही.

औषधाला पंधरा-वीस दिवस झाले असतील. दुपारची वेळ. मी मागच्या अंगणात बसलो होतो, म्हणजे बांधकामाच्या मोठ्या घमेल्यात कोमट पाणी घेऊन, वर बनियन आणि कमरेला टॉवेल, पाय बाहेर. फाटक वाजलं. मला उठता येईना. बायको एकटीच आली होती, एस.टी.नं, हातात पिशवी. तिनं मला त्या अवस्थेत बघितलं. हसली नाही. पिशवी ओट्यावर ठेवली, जवळ आली आणि घमेल्यात बोट बुडवून बघितलं.

"थंडं झालं हे पानी," ती म्हणाली, आणि आत जाऊन चूल पेटवायला लागली.

गरम पाणी घेऊन बाहेर आली तेव्हा मी सांगितलं की रिपोर्ट आला आहे, आत फडताळात फाइल आहे, बघून घे. तिनं तिकडे मानही वळवली नाही. माझे पाय बाजूला करून हळूहळू पाणी ओतत राहिली.

"तुमी कसम खाल्ली असती ना," ती म्हणाली, "त मी आली नसती."

मी विचारलं, काहून?

"माया बाप दर आठवड्याले कसम खाये. आजपासून दारू बंद म्हने, अन माया डोक्यावर हात ठेवे. दादाच्या डोक्यावर नाही ठेवला त्यानं कधी. म्हनून दादाले अजून कसम खरी वाटते."

वीस वर्षांत हे तिनं मला सांगितलं नव्हतं. मग इतके दिवस जे विचारायचं राहिलं होतं ते विचारलं, की तू मला एकदा तरी विचारायचं ना.

"विचारलं असतं त तुमी मायासमोर कसमच खाल्ली असती."

खाल्लीच असती. तिनं भांडं पालथं करून ठेवलं, पदराला हात पुसले आणि ओट्यावर बसून भावाला फोन लावला. तिकडून तो मोठ्यानं काही बोलत होता, ते तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

"दादा, मी घरी पोचली," ती म्हणाली. "पुढच्या मंडईले आमी दोघंबी येतो. जेवालेच बोलव, देवळात नेयाले नोको."